कांड्या फुल, नेट गुल: अँटेनाला हात लावण्याआधी हे वाचा

टॉवरवरून नेट घेणाऱ्या राउटरचे बाहेरचे अँटेना आम्ही बसवतो. दर चार दिवसांनी एक फोन ठरलेला: "दादा, पाचच्या पाच कांड्या आहेत, तरी व्हिडिओ नुसता फिरतोय." दुसरा फोन त्याहून अवघड: "दोनच कांड्या होत्या म्हणून पोरानं वर चढून अँटेना फिरवला. आता चार आल्यात, पण नेट गेलं."

कांड्या म्हणजे नुसता जोर. सिग्नल किती स्वच्छ येतोय, हे त्या सांगत नाहीत. वरातीत डीजेपाशी उभं राहून कोणी कानात ओरडलं तर आवाज येतो, शब्द कळत नाही, तसंच हे. शिवाय किती जोराला किती कांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

म्हणून आम्ही राउटरच्या सेटिंगमध्ये दोन आकडे बघतो. आरएसआरपी म्हणजे जोर. हा आकडा उणेमध्ये असतो. उणे ९० हा उणे ११० पेक्षा चांगला, आणि बरेच जण इथंच उलटं धरतात. दुसरा आकडा एसआयएनआर: आपल्या टॉवरचा सिग्नल बाकी टॉवरांच्या गोंगाटाच्या किती वर आहे, ते. २० च्या पुढं झकास, १० च्या वर काम भागतं, शून्याखाली गेला की नेट रडतंच. हे आकडे डेसिबल या मापात असतात; ३ डेसिबल वाढले की ताकद साधारण दुप्पट होते, म्हणून दोन-तीनचा फरक किरकोळ समजू नका.

बीड जिल्ह्यात धारूरकडं डोंगराच्या कडेला एका शेतवस्तीवर जवळच्या टॉवरकडं तोंड केलं तर जोर उणे ८८, पण एसआयएनआर २. मागून दुसरा टॉवर तेवढ्याच जोरानं घुसत होता. लांबच्या टॉवरकडं वळवलं: जोर उणे १०१, एसआयएनआर १४. कांड्या कमी झाल्या, नेट पळायला लागलं. मालक मात्र कांड्यांकडं बघून नाराज!

राउटर हे आकडे सरासरी काढून दाखवतो, त्यामुळं अँटेना वळवल्याबरोबर दिसतो तो जुनाच आकडा. थोडं वळवा, अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. संध्याकाळी शेजारचे टॉवरही जोरात चालतात, म्हणून आम्ही सकाळी आणि रात्री, दोनदा मोजतो. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारलं जातं. ते बघण्याचेच पैसे आहेत, लोखंडी पाइप कोणीही उभा करील. एसआयएनआर घरातच १८-२० असेल आणि नेट फक्त रात्री मंद होत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे; तिथं अँटेना विकत घेऊ नका, असं आम्हीच सांगतो. पत्र्याच्या घरात किंवा उसाच्या फडाआड मात्र बाहेर उंचावर अँटेना लावल्यानं बहुतेक वेळा फरक पडतो.

बसवताना पाइपावर आणि क्लॅम्पवर आम्ही लाल रंगाची एक रेघ मारतो. तक्रार करण्याआधी दोन्ही रेघा जुळतात का बघा. वाऱ्यानं सरकल्या असतील तर वर्षभर फेरी फुकट. हातानं फिरवल्या असतील तर फेरीचे पैसे पडतील. व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना कांड्यांचा नको, आकड्यांच्या पानाचा टाका, आणि सोबत रेघेचा.