मॅचिंग वेगळं, मेळ वेगळा

फ्लॅटचा ताबा मिळाला की आमच्या सोलापुरात घर सजवायची सुरुवात बहुतेक वेळा सोफ्यापासून होते. मग त्याच रंगाचे पडदे, तेच अभ्रे, टीव्हीमागच्या भिंतीलाही तोच रंग. पाहुण्यांना सांगितलं जातं, "सगळं मॅचिंग केलंय." तरीही त्या खोलीत टेकल्यावर निवांत वाटत नाही. हवा असतो मेळ आणि आणलेलं असतं मॅचिंग, म्हणून असं होतं.

मॅचिंगमध्ये दोन वस्तू एकसारख्या दिसाव्या लागतात. मेळात वस्तू वेगवेगळ्या असतात, पण त्यांच्यात काहीतरी सामाईक असतं: एखादी छटा, लाकूड, पोत, नाहीतर नुसती उंचीची रेघ.

हा फरक बघायचा तर घरातली सोलापुरी चादर उलटून पाहा. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर तिचे दोन थर एकमेकांत गुंतवून विणतात. म्हणून एका बाजूला मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरं फूल असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या पार्श्वभूमीवर मरून रंगाचं फूल येतं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, पण एकमेकींशी नातं सांगतात. रंग मोजकेच, फक्त त्यांच्या जागा बदललेल्या. माझ्या मते घराचा मेळ इतक्या सोप्या पद्धतीने जमतो.

मॅचिंगचा हट्ट धरला की पहिली अडचण उजेड आणतो. मी सोफ्याचं आणि पडद्याचं कापड एकाच दुकानातून, शेजारी शेजारी धरून, खात्री करून घेतलं होतं. घरी दुपारच्या उजेडात एक विटकरी दिसलं आणि दुसरं जांभळट. फार वाईट वाटलं. दुकानदाराने फसवलं नव्हतं. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून तयार झालेले असतील तर ते दुकानातल्या दिव्याखाली जुळले तरी सूर्यप्रकाशात वेगळे दिसू शकतात. त्यातून जे नेमकं जुळलं, तेही टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा 40 अंशांच्या वर जातो, पश्चिमेच्या खिडकीत दुपारभर ऊन असतं. पडदा विटतो, सोफा तसाच राहतो. तंतोतंत जुळवलेल्या जोडीत थोडासा फरकही चुकीसारखा दिसतो. मेळ साधलेल्या घरात विटलेला पडदा ही आणखी एक फिकट छटा ठरते.

आजोळचं जुनं घर मला म्हणूनच आठवतं. शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, सागवानी दारं, देवळीत पितळेची समई, दिवाणावर चादर. तिथली एकही वस्तू दुसरीशी मॅच होत नव्हती. पण दगड, चुना, लाकूड, पितळ आणि सूत एवढ्याच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसायच्या. फरशीला चकाकी नव्हती, त्यामुळे बाहेरच्या रखरखीतून आत आलं की डोळे निवायचे. आता सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असते. खिडकीतलं ऊन तिच्यावरून थेट डोळ्यांत येतं. मग रंग कितीही जुळवा, खोली शांत वाटत नाही. टाइल उखडायची गरज नाही. तिच्यावर जाड सुती सतरंजी अंथरली तरी फरक पडतो.

मेळाची सुरुवात फरशीपासून करावी, कारण ती सहसा बदलता येत नाही. तिच्यात पिवळसर झाक आहे की निळसर, ते आधी ओळखा आणि भिंतीचा पांढरा तसाच निवडा. पिवळसर टाइलवर निळसर पांढरी भिंत दिली की फरशी मळकट दिसते. मग एक ठळक रंग घ्या आणि तो खोलीत दोन-तीन ठिकाणी, कमी-जास्त प्रमाणात येऊ द्या. फोटोंच्या चौकटी वेगवेगळ्या असल्या तरी चालतील, खालची कड एका रेषेत ठेवा.

काही ठिकाणी मात्र मॅचिंगच लागतं. एका खोलीतले स्विचबोर्ड, कडीकोयंडे, नळ आणि मुख्य म्हणजे दिवे. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. एकाच खोलीत 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब आणि 6500 केल्विनची निळसर पांढरी ट्यूब एकत्र लावली की तीच भिंत दोन रंगांची दिसते. बैठकीच्या खोलीत संध्याकाळी मला 2700 ते 3000 केल्विनचाच उजेड बरा वाटतो. अभ्यासाच्या टेबलावर पांढरा हवा असेल तर तिथला दिवा वेगळा ठेवावा.

आणि कापड घेण्याआधी पाव मीटर तुकडा घरी आणा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावल्यावर तो त्याच्या जागी टांगून बघा. फरशीशी आणि भिंतीशी तिन्ही वेळा त्याचं जमतंय असं दिसलं, तर सोफ्याशी जुळतो का हे बघायची गरज उरत नाही.