हंगामी कामगार, हातमोजे आणि मास्क: खानदेशातील सुरक्षा नियमांची पार्श्वभूमी

खानदेशात रेल्वे आणि कापसाचा जोर एकाच वेळी आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इथले भाव चढले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रुळांलगत जिन-प्रेस, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारे आणि तिच्या गाठी बांधणारे कारखाने, उभे राहिले. कामगारांसाठी नियम मात्र सावकाश आले, आणि आले तेव्हाही नेमके हंगामी माणसाला वगळून.

१८८१ चा पहिला कारखाने कायदा १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. जिन चालतो तो हंगामापुरता, त्यामुळे ही अट मालकांच्या पथ्यावरच पडली. १८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनांतील कामाच्या तासांविषयी साक्षी झाल्या. हंगामाच्या भरात पहाटेपासून रात्रीपर्यंत तीच माणसे राबत होती. १८९१ मध्ये १०० ची अट ५० वर आली, पण हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये.

या सुरुवातीच्या कायद्यांचा भर यंत्राभोवती कठडा घालण्यावर होता. माणसाच्या अंगावर काय असावे, हे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात नीट आले. चालू यंत्राजवळ तेलपाणी किंवा तपासणी करायची तर प्रशिक्षित प्रौढ पुरुषानेच, तेही अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे, असे त्याचे कलम २२ सांगत होते. शाफ्ट-पट्ट्यावर चालणाऱ्या जिनमध्ये सैल बाही, उपरणे किंवा पदर ओढला गेला की हात सोडवायला वेळच मिळत नाही. कलम २७ खास कापसाचे होते: कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारे यंत्र) चालू असलेल्या प्रेसच्या भागात स्त्रियांना व मुलांना कामावर ठेवता येत नसे. कण उडणाऱ्या किंवा झगझगीत उजेडाच्या कामात डोळ्यांना चष्मा वा आडोसा देणे कलम ३५ ने बंधनकारक होते. आणि कलम ११४ अनेकांना ठाऊकच नसे: कायद्याने पुरवायच्या साधनाचे पैसे कामगाराकडून घेता येत नसत, पगारातून कापूनही नाही.

धुळीसाठीच्या कलम १४ चा क्रम नेहमी उलटा वापरला गेला. कायद्याला धूळ उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था हवी होती. कारखाना मास्कचे खोके आणून मोकळा होई. रुईच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, म्हणजे तो कळवणे सक्तीचे होते. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. डबल रोलर जिनमध्ये रुळांचे क्रोम चामडे सुरीवर घासून झिजते आणि क्रोमियमयुक्त भुकटी धुळीत मिसळते. सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने रबरी रूळ तयार केले ते यासाठीच.

शेतातल्या नियमांचा उगम वेगळा आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विषारी कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्या हादऱ्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. नियम ३९ मध्ये संच स्पष्ट आहे: बाहेरून घालायचा अंगरखा, टोपी, मनगट ते कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारे द्रव न शिरणारे हातमोजे, धूळरोधक चष्मा, बूट. हे फवारणी करणाऱ्यालाही लागू. पण त्याच कायद्याचे कलम ३८ स्वतः कसत असलेल्या जमिनीवरील वापराला कायद्यातून सूट देते. १८८१ च्या चार महिन्यांसारखीच ही पळवाट, आणि यावेळी ती बांधावरच.

संच अंगावर असला तरी तो घालायची रीत पिकागणिक बदलते. बुटक्या कपाशीत फवारा खाली जातो. तिथे बाही मोज्यावरून घ्यावी, म्हणजे ओघळ आत शिरत नाही. रावेर-यावलच्या केळीत करप्यासाठी नोझल वर धरावे लागते. तिथे बाही मोज्यात खोचून मोज्याची कड दुमडावी. पँट नेहमी बुटावरून. बागायती रुमाल तोंडाला बांधणे सर्वांत वाईट, कारण तो भिजतो आणि औषध नाकाला चिकटवून ठेवतो. धुळीचा एफएफपी२ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला, मास्क लागतो. ते कार्ट्रिज उघडे ठेवले तर वापर नसतानाही संपते, म्हणून काम झाले की हवाबंद पिशवीत. काढताना आधी मोजे हातावर असतानाच साबणाने धुवायचे, मग बाकीचे उतरवायचे, पुन्हा मोजे धुवायचे आणि शेवटी काढायचे. नागड्या हाताने आधी चष्मा काढला की बोटावरचे औषध थेट डोळ्याशी जाते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा कपाशी डोक्याबरोबर वाढलेली होती आणि उकाडा प्रचंड होता. खानदेशातही ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात दुपारी प्लास्टिकचा अंगरखा सहन होत नाही; म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पाठीशी ठेवून.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा घेतली. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या 'कारखान्या'साठीची कामगारांची संख्या तिने १० वरून २० केली. लहान जिन आणि डाळ मिलवाल्यांनी ही तरतूद आधी पाहावी, कारण कारखाना या व्याख्येबाहेर गेले तरी दहा कामगारांची आस्थापना संहितेत राहतेच. सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याच्या, बाबतीत मात्र कागदावर फारसे काही नाही. साल ठरताना पैसा आणि धान्य बोलले जाते, तेव्हाच मोजे, बूट आणि कार्ट्रिज कोण आणणार हेही बोलून घेतलेले बरे.