जन्मतारखेला तास-मिनिटं कशाला?

खानापूर तालुक्यातल्या शाळेने मुलांची यादी ऑनलाइन चढवली आणि १५ मार्चची पोरगी तिकडे १४ मार्चची निघाली, की आधी टाइप करणाऱ्याला झापलं जातं. बिचाऱ्याने कदाचित बरोबरच टाइप केलेलं असतं. घोळ असतो प्रोग्रामिंगच्या भाषेत.

वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत तारीख-वेळ साठवायला 'डेट' हा एकच प्रकार १९९५पासून वर्षानुवर्षं सगळा भार ओढत आलाय. त्याच्या पोटात तारीख नसतेच. १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, एवढा आकडा असतो. बेळगावात टाकलेली '१५ मार्च, रात्रीचे बारा' ही नोंद ग्रिनिचच्या हिशेबाने १४ मार्चच्या संध्याकाळी साडेसहाची. सर्व्हरने त्यातली नुसती तारीख उचलली, की पोरगी एका दिवसाने मोठी! जावा या वेगळ्या भाषेने २०१४ साली, आठव्या आवृत्तीत, हे निस्तरलं. नुसती तारीख, जगभर एकच असणारा क्षण आणि कालावधी, तिन्हींना वेगळे प्रकार दिले. एकाच्या जागी दुसरा घातला तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तो तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा, तिथेच अडवतो.

बरं, क्षणाची स्थानिक वेळ काढताना साडेपाच तास मिळवले की भागलं? तसंही नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतीय प्रमाणवेळ तासभर पुढे होती, म्हणजे फरक साडेसहाचा. चिकोडीच्या एखाद्या आजोबांची १९४३ची जन्मवेळ सकाळी सातची असेल, तर पत्रिका मांडणारा जाणता ज्योतिषी तो तास आठवणीने वजा करतो. प्रोग्रामला हीच माहिती टाइमझोन डेटाबेसच्या, म्हणजे कुठल्या भागाची घड्याळं कधी किती पुढेमागे होती याच्या यादीच्या, 'एशिया/कोलकाता' या नोंदीतून मिळते. म्हणून साठवायचं ते नोंदीचं नाव, साडेपाचचा आकडा नव्हे.

शिवाय संगणकाचं घड्याळ मागेही सरकतं. १ जानेवारी २०१७ला आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत असताना जगाच्या वेळेत लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला एक जादा सेकंद, घातला गेला आणि घड्याळं तेवढी मागे आली. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या, गो नावाच्या भाषेतल्या प्रोग्रामने दोन वेळांची वजाबाकी केली, उत्तर ऋण आलं आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेचा काही भाग कोलमडला. त्याच वर्षी गोच्या १.९ आवृत्तीत वेळेसोबत फक्त पुढेच जाणाऱ्या घड्याळाचं वाचनही साठवू लागले.

एवढं करूनही काही प्रश्न प्रकारांनी सुटत नाहीत. निपाणीच्या पतसंस्थेत ३१ जानेवारीला कर्ज घेतलं. एका महिन्याने हप्ता, तो कधी? जावा फेब्रुवारीची शेवटची तारीख देतं. गो मार्चमध्ये ढकलतं, आणि त्याच्या माहितीपत्रकात ३१ ऑक्टोबर अधिक एक महिना म्हणजे १ डिसेंबर असं सरळ छापलंय. मला जावाचा नियम पटतो, पण छापलेलं असणं जास्त महत्त्वाचं. रस्ट या भाषेत तर प्रोग्राममध्येच तीन तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या टिपणात उदाहरण लिहिलं, की चाचणीच्या वेळी ते खरोखर चालवलं जातं. उद्या कुणी हप्त्याचा नियम बदलला आणि टिपण तसंच ठेवलं, तर चाचणी नापास होते.