हिरवा ठिपका, तपकिरी त्रिकोण आणि गोव्याचे शिवराक : पार्श्वभूमी

देशपातळीवर शाकाहाराचा प्रचार करणाऱ्या संस्थेची पत्रके गोव्यात पोचतात तेव्हा त्यांतला 'शाकाहारी व्हा' हा मजकूर इथल्या घरांना नीटसा लागू पडत नाही. इथे शिवराक, म्हणजे मांस-मासळीविना, असतो तो वार. सोमवार, एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण, चतुर्थीचा पहिला दिवस. काही घरांत गुरुवारही. त्या दिवशी चुलीवर नुस्ते, म्हणजे मासळी, चढत नाही, दुसऱ्या दिवशी चढते. एकच माणूस दोन्ही दिवशी तोच असतो. पत्रक मात्र माणसाची जात ठरवून मोकळे होते. ही अडचण कुठून आली ते पाहायचे तर चळवळीचा इतिहास थोडा आणि लेबलांचा इतिहास बराच चाळावा लागतो.

संघटित शाकाहाराची सुरुवात १८४७ मध्ये इंग्लंडच्या रॅम्सगेट गावात झाली. मांस-मासे वर्ज्य, दूध-अंडी ज्याच्या त्याच्या इच्छेवर, असा तेव्हाचा शिरस्ता. १८८८ मध्ये लंडनला कायदा शिकायला गेलेला एक काठेवाडी तरुण याच वर्तुळात वावरला आणि तिथल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर बसला. तो कोण हे सांगायला नको. दुधाचा वाद मात्र धुमसत राहिला. दूध-अंडी न घेणाऱ्यांनी मुखपत्रात स्वतंत्र जागा मागितली, ती नाकारली गेली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. आज वीगन म्हणतात ते हेच.

भारतात राष्ट्रीय पातळीवर हे काम उभे राहिले ते १९५७ च्या जागतिक शाकाहार परिषदेच्या आगेमागे. परिषद मुंबईत सुरू होऊन पुढे दिल्ली, मद्रास, कलकत्ता अशी फिरली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि सरहद्दीवर आर्थिक नाकेबंदी होती. चळवळीचा भारतीय अध्याय इथे पोचला तो १९६१ नंतरच, तोही हळूहळू, आणि बराचसा उडुपी हॉटेलांच्या मागोमाग. त्याआधीच्या गोव्याबद्दल एवढेच की अन्नावर सत्तेची नजर इथे जुनीच आहे : १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या, फर्मानात नवख्रिस्तींनी हिंदूंसारखा मिठाविना भात शिजवण्यालाही मनाई होती.

खरा गुंता २००१ चा. त्या वर्षी अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून पाकिटावर आधी मांसाहाराची खूण सक्तीची केली गेली, वर्षअखेरीस शाकाहाराची. चौकोनात भरीव वर्तुळ, एक तपकिरी, एक हिरवे. व्याख्या वाचली की गंमत कळते. मांसाहारी म्हणजे प्राणी, पक्षी, गोड्या-खाऱ्या पाण्यातले जीव, अंडी किंवा कुठलाही प्राणिजन्य पदार्थ घटक म्हणून असलेले अन्न, 'दूध व दुग्धजन्य पदार्थ वगळून'. आणि शाकाहारी म्हणजे जे मांसाहारी नाही ते. शाकाहाराची स्वतःची व्याख्याच नाही. उरले ते शाकाहारी. इंग्लंडात अंडे आणि दूध एकाच पारड्यात होते. आपल्याकडे कायद्याने अंडे तपकिरीत टाकले आणि दुधाला हिरव्यात बसवले.

याला शास्त्रीय कारण काही नाही. दूधही प्राणिजन्यच आहे, म्हणून तर ते नाव घेऊन वगळावे लागले. कारण सामाजिक होते : देशातल्या बहुतेक शाकाहारी घरांत दूध-तूप चालते, अंडे चालत नाही. राष्ट्रीय संस्थांनी ही रेषा खळखळ न करता उचलली. त्यांच्या सभासदांचीही तीच होती. निर्णय सोयीचा होता हे मान्यच, पण त्याने 'शाकाहार' आणि 'वनस्पतीजन्य आहार' यांत जे अंतर पडले ते पुढे कुठल्याच पत्रकाला भरून काढता आले नाही.

पुढे वगळलेल्यांची यादी वाढली. २०२० च्या लेबल-नियमांत दुधाच्या पंगतीला मध, मधमाश्यांचे मेण, कार्नोबा मेण आणि लाखही बसली. लाख किड्यापासून मिळते. कार्नोबा तर ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण, त्याला सवलत कशाला लागते हे यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. याच नियमांनी तपकिरी वर्तुळाचा त्रिकोण केला, कारण ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांच्या नजरेला दोन्ही ठिपके सारखेच दिसत. आकार बदलल्याने हा प्रश्न खरोखर सुटला. लेबलांच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत उपयोगी बदल.

क्रमांकांचा प्रश्न मात्र उरलाच. चिप्स, नूडल्सच्या मसाल्यात ६३१ क्रमांकाचा चववर्धक असतो. तो मासळी-मांसापासून काढता येतो, टॅपिओकाचा स्टार्च आंबवूनही करता येतो. पाकिटावर नुसता आकडा. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की घटक कितीही थोडा असो, तो वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड लिहायला हवे.

वीगन खाण्याला वेगळी खूण मिळाली ती २०२१ मध्ये, नियम जून २०२२ मध्ये. हिरव्या इंग्रजी 'व्ही'ला फुटलेले पान, अशी ती खूण. इथे वगळणूक काहीच नाही : घटक, स्वाद, विकरे, प्रक्रियेत वापरून काढून टाकलेली द्रव्ये, कशातच प्राणिजन्य काही नको, प्राण्यांवर चाचणी नको. यंत्रसामग्री सामायिक असेल तर मधे पूर्ण सफाई, आणि कच्चा माल कुठून आला त्याची नोंद. त्याच सुमारास दुसरा वाद पेटला. सोया-बदामाच्या पेयाला 'दूध' म्हणू नये असे अन्न प्राधिकरणाने बजावले, नारळाच्या दुधाला मात्र रूढ नाव म्हणून सूट दिली. गोव्यात त्याची फारशी चर्चा झाली नाही. इथे त्याला रोस म्हणतात.

या सगळ्या चौकटी गोव्याच्या ताटावर ठेवल्या की काय होते पाहा. मिठाईच्या दुकानात बेबिंक आणि दोदोल शेजारी असतात. दोन्हींत नारळाचा रोस. बेबिंकमध्ये अंड्याचा बलक भरपूर आणि थरागणिक तूप, म्हणून तपकिरी त्रिकोण. दोदोलमध्ये तांदळाचे पीठ, रोस, माडाचा काळा गूळ. तो हिरवा, आणि साच्याला तूप लावले नसेल तर वीगनही. पण पाकिटावर तसे छापायचे तर खुणेची मंजुरी आणि नोंदवही आली. दोन कढया ढवळणाऱ्या बाईने ते कधी करायचे?

मणगणे या खिरीचेही तसेच. एक वाटी चणाडाळ, पाव वाटी साबुदाणा, दीड वाटी गूळ, एका नारळाचा दाट आणि पातळ रोस. डाळ बोटचेपी शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, घातला तर ती मऊ होतच नाही. दाट रोस शेवटी, मंद आचेवर. उकळी फुटली की रोस फाटतो. इथवर सगळे झाडाचे. मग कोणीतरी काजू तुपात परतते आणि वीगनचा हिशेब तिथेच संपतो. काजू कोरडे भाजून घातले तरी चवीत फारसे उणे पडत नाही.

खतखते या मिश्र भाजीला तर हात लावायचीच गरज नाही. दहा माणसांना वाटीभर तूरडाळ, एक मोठा नारळ, बारा-पंधरा तिरफळे, आणि सुरण, कणगी, नीरफणस, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, आंबाडे यांतल्या पाच तरी भाज्या. सुरणाला आधी आमसुलाचे पाणी दाखवायचे, नाहीतर घसा खाजतो. कठीण कंद पहिले, भोपळा शेवटी. तिरफळे बिया काढून, किंचित ठेचून पाण्यात ठेवायची आणि ते पाणी ओतायचे. वाटणात वाटली की कडवट होतात. कांदा-लसूण नाही, फोडणी नाही, तूप नाही. हे देवळाच्या महाप्रसादात शतकानुशतके चालत आले आहे आणि कुठल्याही संस्थेच्या पाककृती-पुस्तिकेत सोयाच्या गोळ्यांआधी यायला हवे होते. बहुतेक पुस्तिकांत ते नसतेच.

चूक होते ती हॉटेलांत. 'शिवराक थाळी' म्हणून जे येते त्यात तीन ठिकाणी पाणी मुरते. भेंडीच्या किंवा मुळ्याच्या भाजीत चवीला गालमो पडतो. वाळवलेली बारीक कोळंबी, दिसतसुद्धा नाही. नीरफणसाच्या फोडी रव्यात घोळून त्याच तव्यावर टाकतात ज्यावर मघाशी बांगडा परतला. तेल तेच, रव्याची ताटलीही तीच. आणि डाळीवरची तुपाची धार. पहिल्या दोन चुका शिवराकाच्या, तिसरी फक्त वीगनची. गालमो टाळला आणि वेगळा तवा, वेगळी रव्याची ताटली, वेगळी पळी ठेवली की पहिल्या दोन मिटतात. खर्च काहीशे रुपयांचा. खूण छापलेले मेन्यूकार्ड त्याहून महाग पडते.

हिरव्या ठिपक्याकडून लोक भलत्याच अपेक्षा धरतात, हेही इथेच नोंदवावे. २०२४ च्या सुरुवातीला म्हापशात पालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेवरून. पदार्थ पक्का शाकाहारी होता. उलट जुलै २०१८ मध्ये फॉर्मालिनच्या भीतीने बाहेरच्या मासळीची आयात काही दिवस थांबली, तेव्हा ठरल्या वारांपलीकडेही अनेक घरांत शिवराक शिजले. प्रचाराचा त्यात वाटा नव्हता.

संस्थांच्या दिनदर्शिकेत मोठे दिवस दोन : १ ऑक्टोबरचा जागतिक शाकाहार दिन आणि १ नोव्हेंबरचा वीगन दिन, दोन्ही परदेशात ठरलेले. त्या सुमारास गोव्यात ट्रॉलर समुद्रात असतात आणि बाजारात बांगडा स्वस्त होऊ लागलेला असतो. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. तिच्या शेवटाला किंवा लगेच पुढे श्रावण लागतो, त्यानंतर चतुर्थी. बाजारात तायकिळा, आळमी, फागला या रानभाज्या येतात त्याही याच पावसाळ्यात. पत्रके वाटायची तर तेव्हा वाटावीत. अजून ती ऑक्टोबरातच येतात.