लाइपझिगच्या चौकातलं चर्च की हॉल? वादाची थोडी पार्श्वभूमी

बाख आणि मेंडेल्सझोन हे जुने जर्मन संगीतकार, एवढंच सांगून पुढे जातो, जर्मनीतल्या लाइपझिगला मुद्दाम वाट वाकडी करून जाणाऱ्याला ते माहीत असतंच. गडबड होते ती ऑगस्टसप्लाट्झ या चौकात, तिथली एक नवी इमारत चर्च म्हणायची की सभागृह यावरून. थॉमस चर्च झालं, समोरचं बाख म्युझियम झालं, आणि मग या मोठ्या चौकात आलं की ऑपेरा हाउस एका टोकाला, गेवांडहाउस हा कॉन्सर्ट हॉल दुसऱ्या टोकाला आणि मधे एक निळसर-करडी बिल्डिंग, आकार चर्चचा, अंगावर काच, आणि गोल खिडकी मधोमध नसून जरा एका बाजूला सरकलेली. कुणी तिला पाउलिनुम म्हणतं, कुणी युनिव्हर्सिटीचं चर्च, कुणी नुसतंच आउला म्हणजे सभागृह. हे असं का झालं ते कळलं की शहरातली बाकीची संगीताची ठिकाणंही वेगळी दिसायला लागतात.

जुना भाग पटकन. थॉमस चर्चच्या मुलांच्या कॉयरची परंपरा १२१२ पासूनची. बाख १७२३ मध्ये तिथला संगीतप्रमुख म्हणून आला तो पहिली पसंती म्हणून नाही, टेलेमान आणि ग्राउप्नर हे दुसरे संगीतकार जमले नाहीत म्हणून, आणि १७५० मध्ये जाईपर्यंत इथेच राहिला. ऑर्केस्ट्रा १७४३ मध्ये व्यापाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने उभा केला, राजाच्या दरबाराचा काही संबंध नाही, आणि पुढे कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत हॉल मिळाला म्हणून नाव गेवांडहाउस. मेंडेल्सझोन १८३५ मध्ये या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला, १८४३ मध्ये त्याने कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीत शाळा काढली.

पण आज आपण जे बघतो त्यातलं बरंचसं फार नंतरचं आहे. बाखची कबरच घ्या. त्याला पुरलं होतं योहानिस चर्चच्या आवारात, तेही खूण न ठेवता. १८९४ मध्ये खोदून अवशेष शोधले, दुसऱ्या महायुद्धात ते चर्च बॉम्बहल्ल्यात गेलं, आणि थॉमस चर्चमधली ती कबर त्यानंतरची, १९५० ची. मेंडेल्सझोनचा पुतळा नाझींनी १९३६ मध्ये रातोरात काढून टाकला कारण तो जन्माने ज्यू. तेव्हाच्या महापौराने निषेध म्हणून राजीनामा दिला. थॉमस चर्चजवळ आता उभा आहे तो २००८ मधला नवा, जुन्यासारखा करून घेतलेला.

आता मुख्य भानगड. या चौकात पाउलिनर चर्च होतं, तेराव्या शतकातलं, मूळ डॉमिनिकन या कॅथलिक साधूंच्या मठाचं, पुढे ते युनिव्हर्सिटीकडे आलं आणि १५४५ मध्ये खुद्द धर्मसुधारक ल्युथरने त्याला प्रोटेस्टंट युनिव्हर्सिटी चर्च केलं. संगीताच्या दृष्टीने हे काही दुय्यम ठिकाण नव्हतं. बाखने इथे १७२७ मध्ये राणीच्या शोकसभेसाठी लिहिलेली रचना सादर केली. मेंडेल्सझोनची अंत्ययात्रा १८४७ मध्ये इथेच आली. आणि गंमत बघा, महायुद्धात अर्धं शहर जळालं तरी हे चर्च जवळपास धडधाकट उभं राहिलं. म्हणजे बॉम्बने पडलं नाही, पाडलं गेलं.

पूर्व जर्मनीच्या राजवटीला चौक (तेव्हाचा कार्ल मार्क्स प्लाट्झ) समाजवादी थाटाचा हवा होता, त्यात मधे चर्च नको. २३ मे १९६८ ला नगरपरिषदेत ते पाडण्याचा ठराव आला, विरोधात एकच मत पडलं. त्याच दिवशी शेवटची प्रार्थना झाली आणि ३० मे रोजी सकाळी दहाच्या सुमारास सुरुंग लावून चर्च उडवलं. मधल्या आठवड्यात जेवढं हलवता आलं तेवढं हलवलं, त्यातली वेदी पुढे बरीच वर्षं थॉमस चर्चमध्ये होती. त्याच वर्षी दुसऱ्या गेवांडहाउसचे (चौकातल्या आजच्या हॉलच्या आधीच्या इमारतीचे) बॉम्बहल्ल्यातले भग्नावशेषही पाडले, ज्या हॉलकडे बघून बॉस्टनवाल्यांनी आपला हॉल बांधला होता तो हाच.

लोक गप्प बसले असं नाही. २० जूनला आंतरराष्ट्रीय बाख स्पर्धेचा समारोप चालू असताना स्टेजवर अचानक एक भलंमोठं कापड उलगडलं, त्यावर चर्चची आकृती आणि पुन्हा बांधा अशी मागणी. उलगडायला कुणी माणूस नव्हताच, वर अलार्मचं घड्याळ जोडून ठेवलेलं. प्रेक्षकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. हे काम काही तरुण फिजिक्सवाल्यांचं होतं, एकाने पुढे त्यापायी जेल भोगला, दोघं फोल्डिंग बोटीतून काळ्या समुद्रावरून तुर्कस्तानला पळाले.

राजवट गेल्यावर घोडं पुन्हा तिथेच अडलं. एक गट म्हणे चर्च होतं तसं बांधा, युनिव्हर्सिटी म्हणे आम्हाला सभागृह हवंय, आम्ही काही धार्मिक संस्था नाही. २००३ मध्ये राज्य सरकार पुनर्बांधणीच्या बाजूने गेलं तर युनिव्हर्सिटीच्या प्रमुखाने आणि उपप्रमुखांनी सरळ राजीनामे दिले. युनिव्हर्सिटीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, पण ज्यांच्या डोळ्यादेखत चर्च पाडलं त्यांना कागदावरचे मुद्दे काय सांगणार. शेवटी एका डच आर्किटेक्टचं डिझाइन आलं: बाहेरून जुन्याची आठवण, आत काचेचे खांब, त्यातले काही जमिनीला टेकतच नाहीत, आणि हॉल व वेदीच्या मधे उंच पारदर्शक भिंत. नावावर एकमत होईना म्हणून २००८ मध्ये दोन्ही गटांची मर्जी राखणारं लांबलचक नाव ठरलं, पाउलिनुम, आउला आणि सेंट पाउली युनिव्हर्सिटी चर्च. माझ्या मते ही तडजोड नावातच जास्त आहे, काचेची भिंत तर उघड उघड एका बाजूची वाटते. युनिव्हर्सिटीच्या ६०० व्या वर्षासाठी २००९ ची डेडलाइन होती, उघडायला डिसेंबर २०१७ उजाडला. वाचवलेली जुनी वेदी तिथे परत आली, प्रवचनाचं जुनं कोरीव व्यासपीठ बसवायचं की नाही हे मात्र उद्घाटनानंतरही भिजत घोंगडं राहिलं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच. २०१२ पासून शहरात नोटेनश्पूर नावाची पायवाट आहे, साधारण पाच किलोमीटर, फूटपाथवर स्टीलच्या वळणदार पट्ट्या बसवल्यात त्या धरून चालायचं, संगीतकार शूमानचं घर, मेंडेल्सझोनचं घर सगळं त्यात येतं. थॉमस चर्चमध्ये मोटेट म्हणजे चर्चमधलं समूहगायन ऐकायचं तर शुक्रवारी सहाला किंवा शनिवारी तीनला जा, पण शाळेच्या सुट्टीत कॉयरची मुलं नसतात, दुसरं कुणीतरी गातं. आणि पाउलिनुम आतून बघायचं असेल तर आधी कार्यक्रम तपासा, युनिव्हर्सिटीचा समारंभ असला की बाहेरूनच परत यावं लागेल.