सगळ्यात पॉवरफुल कोण? या भांडणामागचा इतिहास

मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचा जानेवारी १९६५ चा एक अंक आहे, 'जर्नी इन्टू मिस्टरी' नंबर ११२, आणि त्याची सुरुवात मला प्रचंड आवडते. थॉरला एक पोरांचा घोळका भांडताना दिसतो. भांडण काय तर थॉर भारी की हल्क भारी. मग थॉर स्वतःच त्यांना सांगायला लागतो की बाबांनो, माझी आणि त्याची खरंच एकदा गाठ पडली होती, ऐका काय झालं ते. पुढच्या गोष्टीत थॉरचा बाप ओडिन थोड्या वेळापुरती हातोड्याची जादू काढून घेतो म्हणजे थॉरला नुसत्या हातांनी लढता यावं, दोघं एकमेकांना धुतात, आणि निकाल? निकाल लागतच नाही. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बीच्या टीमकडे तेव्हा वाचकांची पत्रं यायची आणि त्यात हा प्रश्न परत परत असायचा, म्हणून त्यांनी तो प्रश्नच उचलून गोष्टीत टाकला. म्हणजे 'कोण जिंकेल' हा वाद इंटरनेटने आणला असं जे बोललं जातं ते साफ चुकीचं आहे, हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

पण मुळात हा वाद सुटत का नाही? माझं मत असं की या पात्रांची ताकद कधी एका जागी थांबलेलीच नाही. 'सुपरमॅन किती ताकदवान' असं विचारलं की आधी विचारावं लागतं, कुठल्या सालचा सुपरमॅन?

कारण १९३८ चा सुपरमॅन घ्या. जेरी सिगेल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडची दोन पोरं, 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, किंमत १० सेंट. त्यात त्याची ताकद अगदी मोजून मापून दिलीय: उडी मैलाच्या आठव्या भागाइतकी म्हणजे साधारण २०० मीटर, वीस मजली इमारत ओलांडेल, एक्सप्रेस ट्रेनपेक्षा जोरात पळेल, आणि तोफेचा गोळा अंगावर फुटल्याशिवाय कातडीला काही होणार नाही. म्हणजे गोळा फुटला तर होऊ शकतं! वर शास्त्रीय समजूत म्हणून मुंगी आणि नाकतोड्याचं उदाहरण, मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडोपट ओझं उचलते ना, तसंच हे. तो उडत नव्हता, फक्त उड्या मारायचा. उडायला लागला तो रेडिओवर आणि १९४१ पासून आलेल्या फ्लायशर स्टुडिओच्या कार्टूनमध्ये, कारण पडद्यावर सारख्या उड्या मारणारा माणूस विचित्र दिसायचा. क्रिप्टोनाइटसुद्धा आधी १९४३ मध्ये रेडिओवर आलं, कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. आज आपण ज्याला सुपरमॅनची 'मूळ' पॉवर आणि 'मूळ' कमजोरी म्हणतो त्यातलं बरंचसं छापील पानावर जन्मलेलंच नाही.

आणि ताकद वाढायचं एक कारण सरळ सरळ स्पर्धा होतं. १९४० च्या सुरुवातीला फॉसेट कंपनीने कॅप्टन मार्व्हल आणला, तोच 'शझॅम' म्हणणारा, ज्या शब्दात सॉलोमन, हर्क्युलस, ॲटलस, झ्यूस, अकिलीस आणि मर्क्युरी अशा सहा जणांची आद्याक्षरं आहेत. लहान पोरगा एक शब्द उच्चारतो आणि देवांची ताकद घेऊन उभा राहतो, पोरांना याहून जास्त काय पाहिजे. चाळीसच्या दशकात हा गडी खपाच्या बाबतीत सुपरमॅनच्या पुढे होता. मग १९४१ मध्ये सुपरमॅनवाल्यांनी केस ठोकली की हा आमच्या हिरोची नक्कल आहे. १९४८ ला खटला उभा राहिला, १९५१ ला अपील कोर्टात लर्नेड हँड या नावाजलेल्या न्यायाधीशांसमोर गेला, आणि १९५३ ला फॉसेटने चार लाख डॉलर देऊन मिटवलं आणि कॅप्टन मार्व्हल छापणंच बंद केलं. सुपरमॅन विरुद्ध कॅप्टन मार्व्हल ही या विषयातली सगळ्यात मोठी खरीखुरी लढत, आणि तिचा निकाल वकिलांनी लावला. पुढे १९७२ ला डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्याच कंपनीने, तेच पात्र भाड्याने घेतलं, पण तोवर मार्व्हल कंपनीने १९६७ मध्ये स्वतःचा वेगळा कॅप्टन मार्व्हल काढून नाव अडवलेलं, म्हणून डीसीला कॉमिकचं नाव 'शझॅम' ठेवावं लागलं.

स्पर्धक गेला तरी सुपरमॅनची ताकद वाढतच राहिली. पन्नास-साठच्या दशकात मॉर्ट वाइझिंगर संपादक असताना तर लिमिटच उरली नाही, ग्रह ढकलणं, काळाच्या मागे पुढे जाणं, एका गोष्टीत तर त्याच्या शिंकेने अख्खी सूर्यमाला उडते. आजही वादात कोणीतरी ती शिंक काढतोच. पण लिहिणाऱ्यांची मात्र यात पंचाईत व्हायची, अशा माणसाला अडचणीत आणायचं कसं? म्हणून १९७१ मध्ये डेनिस ओनीलने त्याची ताकद कमी केली, ते फार टिकलं नाही, मग १९८६ ला जॉन बर्नने सगळं नव्याने लिहिताना परत कापली. गेमवाली पोरं ज्याला नर्फ करणं म्हणतात तेच हे, आणि ते दर काही वर्षांनी होत आलंय.

मधल्या काळात फ्लॅश, म्हणजे डीसीचा वेगाने पळणारा हिरो, आणि सुपरमॅनची शर्यतही झाली, १९६७ साली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतनिधीसाठी धावायचं असतं, पण सट्टेवाल्या टोळ्या पैसे लावून बसलेल्या असतात, म्हणून दोघं ठरवून बरोबरीत रेषा ओलांडतात. वाचकांना कसलं समाधान होणार त्याने! १९७० मध्ये आणखी एक शर्यत झाली आणि त्यात फ्लॅश किंचित पुढे राहिला, आणि मला तरी ते बरोबर वाटतं, कारण ज्याच्याकडे एकच गोष्ट आहे तीसुद्धा दुसऱ्याने हिरावून घेतली तर मग त्या पात्राला अर्थ काय उरला.

आता आकड्यांकडे येतो, कारण आजच्या पॉवर स्केलिंगची, म्हणजे पात्रांची ताकद मोजून क्रम लावायच्या खेळाची, मुळं खरी तिथे आहेत. मार्क ग्रूएनवाल्ड नावाचा एक फॅन होता, सत्तरच्या दशकात तो 'ऑम्निव्हर्स' नावाचं स्वतःचं फॅन मासिक काढायचा, ज्यात कुठली गोष्ट कुठल्या विश्वात घडली, कशाचा कशाशी मेळ बसतो याचा बारीक अभ्यास असायचा. मार्व्हलने त्यालाच नोकरीवर घेतलं आणि जानेवारी १९८३ पासून 'ऑफिशियल हँडबुक' निघालं. त्यात प्रत्येक पात्र किती टन उचलू शकतं त्यावरून वर्ग पाडले होते, स्पायडरमॅन दहा टनाच्या वर्गात, थॉर आणि हल्क 'क्लास १००' मध्ये म्हणजे शंभर टनांच्या वर. पहिल्यांदा कंपनीनेच छापून आकडा दिला आणि वाद घालणाऱ्यांच्या हातात पुस्तक आलं. पण मजा बघा, वरच्या वर्गाला मर्यादाच नाही! शंभर टन उचलणारा आणि डोंगर उचलणारा एकाच रांगेत. आणि हल्क तर जितका चिडेल तितका ताकदवान होतो, त्याला कुठल्या वर्गात घालणार? म्हणजे जिथे सगळ्यात जास्त भांडण होतं नेमकं तिथेच पुस्तक गप्प.

अशी यादी करणं आणि त्यावरून पेटणं आपल्याला नवीन नाही खरं तर. महाभारताला काल्पनिक म्हणायचं की नाही हा वेगळा विषय, तो इथे काढत नाही, पण उद्योगपर्वात युद्धाच्या आधी दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्याकडे आणि त्यांच्याकडे रथी कोण, अतिरथी कोण, आणि भीष्म एकेकाची प्रतवारी सांगत जातात. कर्णापाशी आल्यावर ते त्याला अर्धरथी म्हणतात. कारणंही देतात, कवचकुंडलं गेली, परशुरामाचा शाप आहे. द्रोण मान डोलावतात. आणि कर्ण एवढा भडकतो की भीष्म पडेपर्यंत शस्त्र हातात घेणार नाही म्हणून बसतो. कुठली शक्ती आत्ता धरायची आणि कुठली गेली म्हणून वजा करायची, यादी करणारा निःपक्षपाती आहे का, हे सगळे आजचे मुद्दे तिथे जसेच्या तसे आहेत. कर्ण की अर्जुन यावर मराठी घरात जेवणं थांबलेली मी पाहिली आहेत. त्यात 'प्रक्षिप्त' हा मुद्दा असतोच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ला सुरू करून १९६६ ला पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे, त्यात कुठला श्लोक मूळ पाठात आणि कुठला तळटीपेत हे ठरवलंय, आणि वाद घालताना कोणीतरी तिच्याकडे बोट दाखवतोच. कॉमिकवाले कॅनन म्हणतात ते हेच, कुठली पानं धरायची आणि कुठली नाही.

आकड्यांचा खरा धडा मात्र जपानमधून आला. अकिरा तोरियामांचं 'ड्रॅगन बॉल' हे कॉमिक, ज्याचा हिरो गोकू, १९८४ ला सुरू झालं आणि १९९५ पर्यंत चाललं. मधे त्यांनी स्काउटर आणला, डोळ्यावर लावायचं यंत्र, समोरच्याची लढायची ताकद आकड्यात दाखवतं. बंदूक घेतलेला शेतकरी ५. गोकूचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा १८,०००. खलनायक फ्रीझा स्वतःच्या तोंडाने सांगतो ५,३०,०००, आणि ते सुद्धा पहिल्या रूपात! इंग्रजी डबिंगमधला गोकूची ताकद ९,००० च्या वर असल्याचा तो जगप्रसिद्ध डायलॉग मूळ जपानीत ८,००० चा आहे, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. पण ज्यांनी ती गोष्ट नीट वाचली त्यांना कळेल की तोरियामा आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनाच तोंडघशी पाडत होते. नामेक या ग्रहावर गोकू येतो तेव्हा यंत्र ५,००० दाखवतं, फ्रीझाचे गिन्यू फोर्सवाले हसतात, आणि गोकू त्यांच्यातल्या रिकूमला एका फटक्यात झोपवतो. ताकद लपवता येते, क्षणात वाढवता येते, यंत्राला ते कळत नाही. नंतर तर गोष्टीतून हे आकडे जवळजवळ गायबच झाले. फॅन लोकांनी मात्र ते सोडले नाहीत, मासिकं आणि गाईडबुकांतले आकडे जोडून जोडून गणितं मांडली, आणि आजची पॉवर स्केलिंगची भाषा, अमक्याने तमक्याला हरवलं म्हणजे तो तमक्याच्या वर, ही बरीचशी तिथूनच आलीय. आपल्याकडे २००० नंतर कार्टून नेटवर्कवर गोकू आला आणि शक्तिमानवर वाढलेल्या पोरांच्या वादात एक नवा खेळाडू उतरला.

मतदान करूनही हे सोडवून बघितलंय. १९९६ ला मार्व्हल आणि डीसीने एकत्र मालिका काढली, अकरा लढती, त्यातल्या पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, स्टॉर्मने वंडर वुमनला आणि वुल्व्हरिनने लोबोला. शेवटची लढत तर बारच्या काउंटरमागे होते, आपल्याला काही दिसतच नाही, फक्त वुल्व्हरिन उठून बाहेर येतो. लोबोचे चाहते यावर अजून चिडलेले आहेत आणि मी त्यांच्या बाजूने आहे, ज्याने खपाच्या जोरावर मतं घेतली तो जिंकला, ताकदीचा त्यात संबंध नव्हता. पुढे यूट्यूबवर 'डेथ बॅटल' आलं, २०१० पासून, तिथे तर गणित मांडून निकाल देतात, आणि गोकू विरुद्ध सुपरमॅन एकदा २०१३ ला करून इतका गदारोळ झाला की २०१५ ला परत करावं लागलं. दोन्ही वेळा सुपरमॅन.

आता कोणी म्हणेल की मग सरळ सर्वशक्तिमान पात्रच घ्या ना, विषय संपला. तोही प्रयोग झालाय. १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'मध्ये जिम शूटरने बियॉन्डर आणला, त्याच्यापुढे कोणाचीच मात्रा चालणार नाही असा. १९८८ मध्ये दुसऱ्या लेखकाने लिहिलं की तो खरं तर एक अर्धवट राहिलेला कॉस्मिक क्यूब, म्हणजे इच्छा पुरी करणारी एक जादूची वस्तू, आहे. झालं, सर्वशक्तिमान एका अंकात खाली आला. स्टॅन ली हेच सांगायचे, की लेखकाला जो जिंकायला हवा असतो तो जिंकतो. ते खरंच आहे, पण मला ते उत्तर पुरत नाही, कारण लेखक सुद्धा वाटेल ते करू शकत नाही, आधीच्या पन्नास वर्षांची पानं वाचकाच्या डोक्यात असतात.

लेखक कर्ट ब्यूसिक आणि चित्रकार जॉर्ज पेरेझला हे नीट माहीत होतं. डीसी आणि मार्व्हलच्या २००३ च्या एकत्र मालिकेत, 'जेएलए/ॲव्हेंजर्स'मध्ये, त्यांनी सुपरमॅन आणि थॉरला समोरासमोर आणलं. सुपरमॅन जिंकतो, पण तो दमलेला आहे, हे सोपं नव्हतं हे त्याच्याकडे बघूनच कळतं. पुढे शेवटच्या लढाईत त्याच सुपरमॅनच्या एका हातात थॉरचा हातोडा आणि दुसऱ्या हातात कॅप्टन अमेरिकाची ढाल असते. लढाई संपल्यावर तो हातोडा परत उचलायला जातो तर तो हलत नाही, आणि थॉर त्याला सांगतो की तेवढ्या वेळापुरती ओडिनने सूट दिली होती, एरवी तो हातोडा फक्त लायक असणाऱ्यालाच उचलता येतो.