यिन म्हणजे वाईट नाही हो, डोंगराची सावलीची बाजू आहे ती

यिन-यांगचं ते काळं-पांढरं गोल चित्र टी-शर्टवर, टॅटूत, योगा क्लासच्या बोर्डावर कुठेही दिसतं आणि बऱ्याच जणांना वाटतं की पांढरं म्हणजे चांगलं, काळं म्हणजे वाईट आणि दोघांची मारामारी चाललीये. तसं काही नाहीये. मुळात चित्रच बरंच नंतरचं, चीनच्या मिंग राजवटीत (1368 ते 1644) रूढ झालेलं, ही चिनी कल्पना त्याच्या दीड हजार वर्षं तरी आधीची.

सुरुवात होते डोंगरापासून. उन्हाची बाजू यांग, सावलीची यिन, बस. उत्तर चीन कर्कवृत्ताच्या बराच वर आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य तिथे वर्षभर दक्षिणेलाच, म्हणून डोंगराचा दक्षिण उतार यांग. नदीचं उलटं, ती दरीच्या तळाशी वाहते आणि तिच्या उत्तर काठाचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो, म्हणजे उत्तर काठ यांग. गावांची नावंसुद्धा यावरूनच पडलीत, लुओ नदीच्या उत्तरेला लुओयांग, यांगत्सेच्या दक्षिण काठावर च्यांगयिन. आता लुओयांग नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलंय, पण नाव कोण बदलत बसतंय.

ही वाटणी आपल्याकडे कुणाला सुचली असती का, मला जरा शंकाच आहे. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली, सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो (शून्य सावली दिवस, मुंबईत साधारण मेच्या मध्यावर) आणि मधले काही आठवडे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो, म्हणजे सह्याद्रीचं यिन-यांग दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर उलटंच झालं असतं! लुओयांगला 21 जूनलासुद्धा दुपारचा सूर्य दक्षिणेलाच, जवळपास 79 अंशांवर, आणि डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवशी फक्त 32.

आता गंमत बघा. उत्तर चीनच्या त्या पिवळ्या मातीच्या कोरड्या पठारावर झाडं कुठल्या उतारावर जास्त दाट? सावलीच्या. ऊन कमी म्हणून बाष्पीभवन कमी, मातीत ओल टिकते, झाडी वाढते, आणि उन्हाच्या उतारावर बऱ्याचदा नुसतं गवत नि झुडपं. यिनला वाईट म्हणणाऱ्याने तो डोंगर एकदा बघावा.

दुसरी गोष्ट म्हणजे यिन किंवा यांग हे कुणाच्या कपाळावर कायमचं लिहिलेलं नसतं, कशाच्या तुलनेत ते महत्त्वाचं. 'हुआंगदी नेइचिंग' या जुन्या वैद्यक ग्रंथात पाठ यांग आणि पोट यिन, पण परत शरीराचा वरचा भाग यांग नि खालचा यिन, म्हणजे एकाच यिनच्या आत पुन्हा यांग निघतंच. आणि ते फिरत राहतं. सर्वात लहान दिवस म्हणजे यिनचा कळस, पण चिनी लोक म्हणतात की त्याच दिवशी यांग जन्माला येतं. 'इ चिंग' या जुन्या भविष्य सांगणाऱ्या ग्रंथात याची आकृती आहे, पाच तुटक रेघा (यिनच्या) आणि सगळ्यात खाली एकच अखंड (यांगची). थंडी मात्र लगेच पळत नाही, जमिनीतली ऊब अजून निघूनच जात असते, म्हणून त्या दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजायची पद्धत आहे आणि तिसरा गट, म्हणजे जानेवारीचा मध्य, सगळ्यात कडाक्याचा समजतात. दिवस मोठा होतोय आणि गारठा वाढतोय, दोन्ही एकाच वेळी, आणि हिशोबात दोन्ही बसतं.

जेवणातही हेच. शरद ऋतूत चीनमधल्या सूचौ शहराच्या बाजूला ते केसाळ पायांचे खेकडे खातात, खेकडा प्रकृतीने थंड, म्हणजे यिन, म्हणून तोल साधायला सोबत व्हिनेगरमध्ये बारीक चिरलेलं आलं आणि तांदळाची कोमट दारू. आपल्याकडे पपई उष्ण आणि सब्जा थंड म्हणतात, त्याच जातीचं. पण इथे जरा थांबलं पाहिजे. एखादी जडीबुटी काम करते का ते ट्रायल घेऊन तपासता येतं, तुमचं यिन कमी झालंय हे दाखवणारा मीटर कुठेच नाहीये. क्वांटम भौतिकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, नील्स बोर, याने 1947 मध्ये आपल्या मानचिन्हावर हे चित्र घेतलं हे खरं, पण त्यावरून चिन्यांना क्वांटम आधीच माहीत होतं असं फॉरवर्ड करणाऱ्यांना माझा नमस्कार.

यांग श्रेष्ठ आणि यिन कनिष्ठ, नवरा यांग आणि बायको यिन, ही उतरंड ठामपणे मांडली ती हान काळातल्या तुंग चुंगशू या पंडिताने, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. राजदरबाराला सोयीचंच होतं ते, चिकटलं ते चिकटलंच.

आजच्या चिनी भाषेत हे शब्द अगदी रोजच्या वापरातले आहेत. सूर्यावर चालणारं कॅलेंडर यांग, चंद्रावरचं यिन, धन आयन यांग, ऋण आयन यिन. लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की यांग, निगेटिव्ह आला की यिन. 2022 च्या डिसेंबरमध्ये कोविडचे निर्बंध उठल्यावर साथ पसरली तेव्हा लोक एकमेकांना सरळ 'मी यांग झालो' असं कळवत होते, आणि घरोघरी टेस्ट किटकडे डोळे लावून सगळे वाट बघत होते ती यिनची.